गुमास्ता गेला कुठे?

मुंबईत कुणी नवं दुकान टाकलं, पार्लर काढलं किंवा झेरॉक्सचं एक मशीन मांडून बसलं, तरी ओळखीचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, 'गुमास्ता काढला का?' बँकेत दुकानाच्या नावानं चालू खातं उघडायला गेलात तर काउंटरवरचा बाबूही हाच कागद मागतो. ज्याच्या दुकानात एकही नोकर नाही, जो स्वतःच झाडू मारतो, स्वतःच माल देतो आणि स्वतःच गल्ल्यावर बसतो, त्याच्याकडेही 'गुमास्ता' असतो, फ्रेम करून भिंतीवर टांगलेला.

सरकारी दप्तरात या कागदामागच्या कायद्याचं नाव आहे, 'महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७'. एवढं नाव कुणाच्या पाटीवर मावायचं नाही. लोकांनी ते एका शब्दात आटोपलं. त्याआधीच्या कायद्यालाही लोक गुमास्ताच म्हणत. मला या नावाचं नेहमी अप्रूप वाटत आलं आहे. हा कायदा दुकानदाराला सांभाळावा लागतो, लायसन दुकानदाराच्या नावानं निघतं, दंड झाला तर तोच भरतो. पण बाजारानं या कायद्याला नाव दिलं ते नोकराचं.

'गुमास्ता' हा शब्द फारसीतून आलेला. 'गुमाश्तन' म्हणजे नेमणं, कामावर ठेवणं. त्यावरून गुमाश्ता, म्हणजे नेमलेला माणूस. ईस्ट इंडिया कंपनीनं बंगालातल्या विणकरांवर देखरेखीसाठी जे गुमास्ते नेमले, ते तिथे जुलमाबद्दल बदनाम झाले. आपल्याकडे पेठेत मात्र गुमास्ता म्हणजे पेढीवरचा कारकून, दुकानातला हाताखालचा माणूस. बाजारातले निम्मे शब्द याच वाटेनं मराठीत आले आहेत. दुकान, बाजार, मालक, हिशेब, रोजकीर्द, जमा, बाकी, नफा, नुकसान, तारीख. हे शब्द काढून घेतले तर आपल्या व्यापाऱ्याला खातं मांडता येणार नाही, आणि माझ्यासारख्याला मराठीत बाजाराविषयी दोन ओळी लिहिता येणार नाहीत.

मी स्वतः दोन वर्षं गुमास्ता होतो. १९९१ साली बी.ए. झालो आणि मिरजेत एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायला लागलो. मालक धरून आम्ही सहा जण. दोघं तागे उलगडून दाखवायचे, एक फाडायचा, एक गिऱ्हाइकाला पाणी देण्यापासून बँकेत भरणा करण्यापर्यंत सगळं बघायचा, आणि मी वहीवर. त्या दुकानाला तेव्हा जो कायदा लागू होता तो १९४८ सालचा. आज तेच दुकान, तेवढ्याच माणसांनिशी चालू असतं, तर कामाचे तास, रजा, साप्ताहिक सुट्टी यांबाबत या कायद्याची एकही तरतूद आम्हा पाच नोकरांना लागू झाली नसती. हा बदल कसा झाला, त्यात व्यापाऱ्याला काय मिळालं आणि नोकराचं काय गेलं, ते मला सांगायचं आहे.

कारखान्यातल्या कामगारासाठी या देशात पहिला कायदा झाला १८८१ साली. तो इंग्रजांनी केलेला, आणि त्यातही मुख्यतः लहान मुलांच्या कामाच्या तासांचाच विचार होता. पण निदान कायद्यानं कारखान्याचं दार उघडून आत डोकावलं. दुकानात डोकावायला आणखी अठ्ठावन्न वर्षं गेली. गिरणीचा भोंगा सगळ्या वस्तीला ऐकू जातो. दुकानातला माणूस किती वाजता आला, किती वाजता गेला, हे त्याच्या बायकोखेरीज कुणालाच माहीत नसतं. पुष्कळदा तो जायचाच नाही. दुकानातच झोपायचा, मालकाच्या घरी जेवायचा, आणि मालकाचं घर म्हणजेही कामाचं ठिकाण असायचं.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आलं. त्याच्या कारकिर्दीत, १९३९ साली, दुकानं आणि आस्थापनांसाठी कायदा झाला. देशातला हा पहिला असा कायदा. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी १९४८ चा कायदा आला, आणि तो पुढे जवळजवळ सत्तर वर्षं टिकला.

हा १९४८ चा कायदा वाचण्यासारखा आहे. त्यात दुकानाच्या दिवसाची घडीच बसवून दिलेली होती. सर्वसाधारण दुकान रात्री साडेआठला बंद झालं पाहिजे. मात्र साडेआठच्या ठोक्याला जे गिऱ्हाईक दुकानात उभं असेल, त्याला माल द्यायला आणखी पंधरा मिनिटं. कायदा लिहिणाऱ्या त्या कुणा अधिकाऱ्यानं कधीतरी बायकोबरोबर लुगडं खरेदी केलं असणार, असं मला ही सवलत वाचून वाटलं. दुकान बंद असण्याच्या वेळेत रस्त्यावर फिरून माल विकायलाही बंदी होती, म्हणजे दुकानदार शटर ओढतो आणि दारातला फेरीवाला त्याचं गिऱ्हाईक घेऊन जातो, असं होऊ नये. नोकराला दिवसात नऊ तासांहून जास्त, आठवड्यात अठ्ठेचाळीस तासांहून जास्त काम नाही. सलग पाच तास काम झालं की एक तास विश्रांती. बाईमाणसानं साडेआठनंतर कामावर थांबायचं नाही. आणि आठवड्यातून एक दिवस दुकान बंद, त्या दिवसाचा पगार न कापता.

हे सगळं एका नोकराच्या दुकानालाही लागू होतं. दुकान किती वाजता उघडायचं आणि मिटायचं, हा नियम तर नोकर मुळीच नसलेल्या दुकानालाही होता.

यातली आठवड्याच्या बंदची गोष्ट थोडी निरखून बघायला हवी, कारण तिच्यात व्यापाऱ्याचाही फायदा दडलेला होता. दादरला सोमवारी खरेदीला गेलेला माणूस शटरं बघून परत येई. त्याला राग येई. पण त्या सोमवारी शेजारच्या दुकानात जाऊन तो खरेदी करू शकत नसे, कारण तेही बंद असे. सगळ्यांचं शटर एकाच दिवशी खाली येई, म्हणून कुणाचं गिऱ्हाईक कुणाकडे पळत नसे. एकट्यानं दुकान बंद ठेवणं हा तोटा आहे, सगळ्यांनी ठेवणं ही सुट्टी आहे. आमचे मालक कायद्याला रोज शिव्या घालायचे, पण आठवड्याचा तो एक दिवस ते शेतावर जायचे, नातवंडांना घेऊन नृसिंहवाडीला जायचे. कायदा नसता तर समोरच्या दुकानाचं अर्धं उघडं शटर त्यांना घरी स्वस्थ बसू देतं ना.

अर्धं शटर हा शब्द आलाच आहे, तर सांगतो की कायदा पुस्तकात होता तसा बाजारात कधीच नव्हता. लग्नसराईत साडेआठनंतर शटर कमरेपर्यंत ओढायचं, गिऱ्हाइकानं वाकून आत यायचं, आतून तेवढ्याच जोमानं तागे उलगडायचे. दुकान निरीक्षकाला पेठेत 'गुमास्ता इन्स्पेक्टर' म्हणत. तो पेठेच्या एका टोकाला दिसला की दुसऱ्या टोकाला त्याच्याआधी निरोप पोचे. हजेरीपटावर सगळ्यांचे तास नऊच्या आत बसवलेले असत. महिन्याच्या शेवटी ते एका बैठकीत लिहिलेले असत, एकाच शाईनं. काही इन्स्पेक्टरांना चहा पुरे, काहींना पुरत नसे. पण मी हेही सांगेन की त्या इन्स्पेक्टरची धास्ती होती म्हणून रात्री नऊला मी घरी पोचायचो आणि दिवा लावून वाचत बसायचो. वरून कायदा डोळे वटारत नसता तर साडेदहा झाले असते.

व्यापाऱ्यांची तक्रार मात्र खोटी नव्हती. लायसनाचं नूतनीकरण, रजिस्टरं, व्हिजिट बुक, एका पाटीच्या आकारावरून होणारी झिगझिग, आणि या सगळ्यात खर्ची पडणारे दिवस. शिवाय जग बदललं होतं. १९९१ नंतर मॉल आले, रात्रभर चालणारी कॉल सेंटरं आली, मग घरबसल्या माल मागवायची सोय आली. रात्री अकरा वाजता फोनवर बोट फिरवून साडी मागवता येते, पण साडेआठला दुकानदारानं शटर ओढलं पाहिजे, हे १९४८ चं गणित चालणारं नव्हतं. बाईनं साडेआठनंतर कामच करायचं नाही, हा नियमही तिच्या रक्षणासाठी होता खरा, पण त्यापायी कितीतरी नोकऱ्या तिला आपोआप बंद होत.

केंद्र सरकारनं २०१६ साली दुकानांसाठी एक नमुना विधेयक तयार करून राज्यांकडे पाठवलं. त्याच्या वळणावर महाराष्ट्र विधिमंडळानं २०१७ चा कायदा केला आणि तो १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. १९४८ चा कायदा रद्द झाला.

नव्या कायद्यातला मुख्य विचार मला पटतो. त्यानं दुकानाची सुट्टी आणि माणसाची सुट्टी वेगळी केली. दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवा, परंतु प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी द्या. म्हणजे शटर उघडं, पण माणसं आळीपाळीनं घरी. मद्यविक्रीची ठिकाणं, बार, हुक्का पार्लर, चित्रपटगृहं यांच्या वेळा ठरवण्याचा अधिकार सरकारनं स्वतःकडे ठेवला. बाकीच्यांना मोकळीक. बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत काम करता येईल, तिची संमती असेल तर, आणि मालकानं सुरक्षेची, विश्रांतीच्या जागेची, घरापर्यंत पोचवण्याची सोय केली तर. इन्स्पेक्टरचं नावही बदललं. तो आता 'सुविधाकार'. पेठेनं हा शब्द अजून तरी स्वीकारलेला नाही.

कामगाराला त्या कायद्यानं काय दिलं तेही सांगायला हवं, कारण ते पुष्कळांना ठाऊक नसतं. वर्षाला आठ किरकोळ रजा. दोनशे चाळीस दिवस काम भरलं की दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा, आणि ती पंचेचाळीसपर्यंत साठवता येते. जादा तासांना दुप्पट दरानं पैसे. ओळखपत्र. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तर पाळणाघर. आणि सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या. त्यातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी बसून ठरवायच्या.

या शेवटच्या तरतुदीवर माझा जीव आहे. सरकारनं सणांची यादी वरून पाठवली नाही. तुम्ही एकत्र बसा आणि ठरवा, असं सांगितलं. आमच्या दुकानात हे कायद्याशिवाय चालायचं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गल्ल्यावर पूजा झाली की बाकीचे घरी जायचे आणि मी थांबायचो. ईदला माझी वही माझा सहकारी सांभाळायचा. अंकांचं त्याला वावडं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळचा तास त्याची बेरीज दुरुस्त करण्यात जायचा, आणि शिरखुर्मा खाता खाता तो शेजारी बसून माझी समजूत घालायचा. पण अशी अदलाबदल ही माणसांच्या चांगुलपणावर असते. मालक बदलला की ती संपते. कायद्यात लिहिलेली सुट्टी मालकाबरोबर बदलत नाही.

आता खरी मेख. हे सगळं कुणाला? २०१७ च्या कायद्यानं एक आकडा घातला: दहा. ज्या आस्थापनेत दहा किंवा अधिक कामगार, तिला हा कायदा लागू. दहाहून कमी असतील तर मालकानं फक्त धंदा सुरू केल्याची माहिती ऑनलाइन कळवायची आणि पोच घ्यायची. संपलं. त्या कायद्याचं बाकी एकही कलम त्याला लागू नाही. बँकेत दाखवतात तो 'गुमास्ता' पुष्कळदा ही नुसती पोच असते.

दहा हा आकडा ऐकायला लहान वाटतो. बाजारात तो फार मोठा आहे. तुमच्या गल्लीतल्या दुकानांत डोकावून माणसं मोजा. किराणावाला, मेडिकल, भांड्यांचं दुकान, मोबाईलवाला, इस्त्रीवाला. दोन, तीन, फार तर पाच. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशभरात सुमारे पाच कोटी पंच्याऐंशी लाख आस्थापना मोजल्या गेल्या. त्यात पिकांची शेती आणि सरकारी प्रशासन धरलेलं नव्हतं. दहा किंवा अधिक माणसं काम करत होती अशा आस्थापना होत्या १.३७ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. ही गणना दुकानांबरोबर कारखाने, दवाखाने, वर्कशॉप सगळ्यांची आहे आणि देशभराची आहे, हे मान्य. तरी महाराष्ट्रातल्या पेठेचं चित्र याहून फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

म्हणजे रजा आल्या, सणाच्या सुट्ट्या आल्या, दुप्पट दर आला, आणि जो मूळचा गुमास्ता, तीन-चार माणसांच्या दुकानातला, तो कायद्यातून बाहेर गेला. गुमास्ता कायद्यात गुमास्ता नाही.

तो अगदी वाऱ्यावर पडला असं म्हणता येणार नाही. किमान वेतनाचा हक्क त्यालाही होता आणि आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये जुन्या कायद्यांच्या जागी वेतन संहिता आली, तीतही किमान वेतनाला माणसांच्या आकड्याची अट नाही. आठवड्याच्या विश्रांतीबद्दल आणि कामाच्या तासांबद्दल नियम करायची सोयही त्या संहितेत आहे. पण पगाराचा कायदा वेगळा, आणि दुकानाच्या दारात रोज भेटणारा कायदा वेगळा. ज्याच्याकडे नेमणुकीचा कागद नाही, ओळखपत्र नाही, हजेरीपट नाही, त्यानं आपण इथे नोकर आहोत हेच आधी कशावरून सिद्ध करायचं?

छोट्या मालकाचंही नुकसान झालं, हे व्यापारी संघटनांच्या भाषणांत मी कधी ऐकलं नाही. मोठ्या दुकानाला सातही दिवस उघडं राहणं परवडतं, कारण तिथे माणसं आळीपाळीनं सुट्टी घेतात. जिथे मालक आणि एक पोरगा एवढेच, तिथे आळीपाळी कुणाची? समोर मॉल उघडा, शेजारी उघडा, म्हणून हाही उघडा. जुन्या बंदनं त्याला जो एक दिवस बळेबळे मिळत होता, तो गेला. नोकराचा गेला त्याच दिवशी मालकाचाही गेला.

याच दहाच्या भोकातून आणखी एक वस्तू निसटली होती. ती म्हणजे मराठी पाटी. दुकानाची पाटी देवनागरीत, मराठीत असावी, हा नियम जुन्या कायद्याखालीही होता. २०१७ नंतर दहाहून कमी माणसांची दुकानं त्यातूनही सुटली. आणि बहुसंख्य दुकानं तीच. तक्रारी झाल्या, आंदोलनं झाली, आणि मार्च २०२२ मध्ये विधिमंडळानं दुरुस्ती करून हे भोक बुजवलं. आता एकटा माणूस बसतो त्या दुकानाचीही पाटी मराठीत देवनागरी लिपीत हवी, आणि तिची अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांहून लहान नकोत. बार आणि दारूच्या दुकानांना महापुरुषांची, गडकिल्ल्यांची नावं द्यायची नाहीत, हेही तेव्हाच ठरलं. पाटीच्या सक्तीविरुद्ध मुंबईतली किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना न्यायालयात गेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं पंचवीस हजार रुपये खर्च लावून याचिका फेटाळली. दुसऱ्या लिपीत पाटी लावायला कुणी मनाई केलेली नाही, हे दाखवून दिलं. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. त्या दसरा-दिवाळीत पेंटर आणि फ्लेक्सवाले यांची चंगळ झाली.

मी मराठीत कविता लिहितो. रस्त्यानं जाताना देवनागरी अक्षरं दिसली की मला बरं वाटतं, हे लपवायचं कारण नाही. आता 'न्यू स्टार मोबाईल गॅलरी' हे मराठी कुठल्या बाजूनं, असा प्रश्न पडतो. लिपी मराठी झाली, भाषा दुकानात शिरायची आहे. त्यासोबत उर्दूतही एखादी ओळ असली तर कायद्याला चालते. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीखाली उर्दू नाव असावं की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयानं ते राहू दिलं. ती नगरपरिषद झाली, दुकान नव्हे, पण दोन लिप्या एका भिंतीवर नांदू शकतात एवढं त्यातून कळलं.

पाटीबद्दल मला तक्रार नाही. मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दहाच्या भोकातून पाटी आणि गुमास्ता दोघंही पडले. साडेचार वर्षांच्या आत विधिमंडळ परत आलं आणि त्यानं पाटी वर काढली. एका माणसाच्या टपरीपर्यंत कायदा पोचवता येतो, हे त्यानं सिद्ध केलं. ऑनलाइन अर्जासोबत मराठी पाटीसह दुकानाचा फोटो जोडावा लागतो. त्या पाटीखाली उभ्या राहणाऱ्या माणसाला आठवड्याची सुट्टी मिळते का, हे मात्र त्या फोटोत दिसत नाही.

भोक बुजण्याऐवजी पुढे ते रुंदावलं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दहाचा आकडा वीस करायला मंजुरी दिली. दिवसाचे कामाचे तास नऊवरून दहा, आणि तीन महिन्यांत करता येणारं जादा काम १२५ तासांवरून १४४ तास. पाठोपाठ अध्यादेश निघाला. त्याच ऑक्टोबरमध्ये शासनानं निर्णय काढून स्पष्ट केलं की मद्याची ठिकाणं सोडून दुकानं, हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवता येतात. पोलिसांनी ती बंद करायला लावू नयेत. त्यातही कामगाराच्या चोवीस तासांच्या सुट्टीची अट आठवणीनं लिहिली आहे. पण ती लिहिली आहे ती ज्यांना कायदा लागू आहे त्यांच्यासाठी, आणि ते तर आता आणखी थोडे झाले.

छोट्या दुकानदारावर रजिस्टरांचा बोजा नको, ही बाजू मला समजते. पाच माणसांच्या दुकानानं मॉलसारखी कागदपत्रं ठेवावीत असं मीही म्हणणार नाही. पण कागद नको म्हणजे हक्कही नको, असं का? याच महाराष्ट्रानं १९६९ साली याचं एक उत्तर काढलं होतं. पाठीवर गोणी वाहणाऱ्या हमालाला एक मालक नसतो. सकाळी याचा माल, दुपारी त्याचा. कुणा एका व्यापाऱ्याच्या रजिस्टरवर तो कधीच आला नसता. अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीतून जो कायदा झाला, त्यानं बाजारवार मंडळं काढली. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची ठरलेली लेव्ही मंडळात भरतो, आणि मंडळ कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, सुट्टीचे पैसे देतं. पुढे माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारे निघाले, व्यापारी त्यानं गांजले, हेही खरं आहे. तरी एवढं दिसलं की हिशेब प्रत्येक दुकानात न ठेवता बाजाराच्या पातळीवर ठेवता येतो. किराणा बाजारातला हमाल अशा मंडळात आला. त्याच बाजारात गादीखाली बसून पुड्या बांधणारा नोकर मात्र कुठेच नाही. गोणी उतरवणाऱ्याला फंड, आणि ती फोडून विकणाऱ्याला काही नाही.

हमालांची युनियन होती, हे त्याचं सरळ कारण. व्यापाऱ्यांचे महासंघ आहेत. ते मंत्र्यांना भेटतात, निवेदनं देतात, आणि त्यात गैर काही नाही. पाच माणसांच्या दुकानातले चार नोकर मोर्चा काढत नाहीत. ते मालकाच्या घरच्या लग्नात वाढपी असतात, मालक त्यांच्या पोराच्या फीला उचल देतो. या नात्यात भांडण करून काही मागणं जड जातं. म्हणून तर कायद्यानं त्यांच्या वतीनं बोलायचं असतं.

तोवर एक गोष्ट सरकारची वाट न पाहता होण्यासारखी आहे. अनेक गावांत व्यापारी संघ अजूनही आठवड्याचा एक बंद आपणहून पाळतात. सक्ती उठली तरी सवय उरली. जिथे ती मोडली आहे, तिथे एका रस्त्यावरच्या दुकानदारांनी एकत्र बसून एक वार ठरवला तर कुणाचं गिऱ्हाईक कुणाकडे जाणार नाही. अशा बैठकीत नोकरांपैकी दोघांना बोलवावं, आणि कुठल्या चार सणांना कोण घरी राहणार तेही त्याच वेळी वहीत लिहून घ्यावं.